बुलेटच्या ब्रीदरला डबा

आबांची बुलेट १९९२ ची. ३५० सीसी, ओतीव लोखंडी सिलिंडर, गिअर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. ती माझ्याकडे आली तेव्हा जिथे उभी राहील तिथे जमिनीवर काळा डाग पडायचा. घरात सगळ्यांनी तो डाग मान्य करून टाकला होता. आई गाडीखाली पोत्याचा तुकडा अंथरून ठेवायची आणि दर दिवाळीला तो बदलायची. "बुलेट आहे, गळणारच," हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि मलाही ते खरंच वाटायचं.

चार वर्षांपूर्वी, जूनमध्ये, गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीला उतरत होतो. पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता ओला. एका डाव्या वळणावर मागचं चाक हलकेच सरकलं. पडलो नाही, पण पोटात गोळा आला. खाली येऊन गाडी बाजूला घेतली आणि टायरला हात लावला. डाव्या बाजूच्या रिमवर आणि टायरच्या कडेला तेलाचा पातळ थर होता. चेन तर तेलाने निथळत होती. वर पाहिलं तर सीटखालून आलेल्या एका रबरी नळीचं तोंड चेनच्या वर उघडंच लोंबत होतं आणि त्याच्या टोकाला थेंब धरला होता.

ती ब्रीदरची नळी, इंजिनात कोंडलेली हवा बाहेर सोडणारी. जुन्या बुलेटला ती मागे चेनकडे सोडायची रीतच होती. चेनला आपोआप तेल मिळतं असं सांगतात. चेनला मिळतं हे खरं, पण टायरलाही मिळतं. त्या दिवशी घाट उतरताना ठरवलं की हे तेल डब्यात धरायचं. रेसिंगच्या गाड्यांना असा डबा सक्तीचा असतो, एकाच्या गाडीचं तेल ट्रॅकवर सांडून मागचा घसरू नये म्हणून. इथे घसरणारा मीच होतो.

आधी हे तेल येतं कुठून, ते नीट समजून घेतलं. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७० मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९० मिमी; म्हणजे ३४६ सीसी. पिस्टन खाली येताना वर जेवढी जागा करतो तेवढीच खाली क्रँककेसमधली, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीतली, कमी करतो. एकच सिलिंडर असल्यामुळे ती हवा सामावून घ्यायला शेजारी वर जाणारा दुसरा पिस्टन नाही. ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा घडतं. त्यात भर म्हणून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा जळका गॅस खाली निसटतो. नव्या कोऱ्या इंजिनातही तो निसटतोच, जुन्यात जास्त. हा सगळा दाब बाहेर काढायला ब्रीदर असतो, आणि आत फिरणाऱ्या क्रँकने उडवलेलं तेल धुक्यासारखं होऊन त्या हवेबरोबर बाहेर येतं.

एवढं वाचलं होतं, कळलंही होतं, आणि तरी पहिला डबा मी चुकीचा केला.

घरात टू-स्ट्रोक तेलाची अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली होती. झाकणाला भोक पाडून नळी आत घातली, भोवती एम-सील लावलं. हवा बाहेर जायला बाटलीच्या खांद्यावर तापवलेल्या खिळ्याने एक भोक पाडलं, जेमतेम ३ मिमीचं. भोक मोठं केलं तर तेल उडेल असं वाटलं. बाटली बॅटरीच्या मागे पट्टीने बांधली आणि कागलपर्यंत जाऊन आलो. टायर कोरडा, चेन कोरडी. मला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोत्याच्या तुकड्यावर डाग होता, पण नेहमीच्या जागी नव्हता. उजवीकडे होता. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण, त्याच्या खालच्या कडेने तेल पाझरत होतं. हे कव्हर आजवर कधी ओलं झालं नव्हतं. मी नट आवळला. संध्याकाळपर्यंत सिलिंडरच्या बुडाच्या गास्केटपाशीही ओल दिसली. तिसऱ्या दिवशी शिरोलीच्या पुढे हायवेवर फट्‌ असा आवाज झाला आणि बाटलीचं झाकण एम-सीलसकट उडालं. बाटलीतलं सगळं तेल माझ्या पँटवर.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमच्या ओळखीचे एक लेथवाले मामा आहेत. आबांच्या वेळेपासून या गाडीचे बुश-पिना त्यांनीच केलेल्या. गाडी तिथे नेली. त्यांनी बाटली हातात घेतली, ते खिळ्याचं भोक उजेडाला धरून पाहिलं आणि म्हणाले, "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणत्यात, ते हेच. तू तिचं नाक दाबलंस. मग ती कव्हरातनं न्हाय तर कुठनं श्वास टाकणार?"

मग त्यांनी मला बाटलीतून नळी काढायला लावली, इंजिन चालू केलं आणि ब्रीदरच्या नळीवर माझा अंगठा ठेवायला सांगितलं. अंगठ्याखाली ठोके लागत होते, नाडी लागावी तसे. अंगठा जरा घट्ट दाबला तर तो मागे ढकलला जाई. "आता मला सांग," मामा म्हणाले, "एवढा श्वास त्या खिळ्याच्या भोकातनं जाईल व्हय? आधी वाट दे. तेल धरायचं मागनं बघू."

त्या अंगठ्याखालच्या ठोक्यांनी मला जे कळलं ते वाचून कळलं नव्हतं. मी डब्याकडे तेल अडवायची वस्तू म्हणून पाहत होतो. खरं काम उलटं आहे: हवा जराही अडू द्यायची नाही आणि वाटेत तिचा वेग असा कमी करायचा की तेलाला खाली पडायला सवड मिळावी. पुढचं सगळं काम त्या हिशेबाने केलं.

उद्यमनगरातल्याच एका भंगारवाल्याकडून अडीच इंची ॲल्युमिनियमचा पाइप घेतला, ३ मिमी जाडीचा, एक फूटभर तुकडा. त्यातले १४ सेंमी कापले. आतून साधारण ३६० मिली जागा झाली, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरएवढीच. मामांनी लेथवर बुडाची चकती काढली आणि वरच्या तोंडाला आटे पाडून फिरवून बसेल असं झाकण केलं, त्यात ओ-रिंगला खाच. डबा पूर्ण बंद करून वेल्डिंग मारू नको, हे त्यांनी निक्षून सांगितलं. आत हात घालता आला पाहिजे, नाहीतर वर्षभराने आत काय झालंय ते कळणार नाही. दोन निपल, म्हणजे नळी चढवायच्या तोट्या, दोन्हींचं आतलं भोक १२ मिमी. नळी, निपल, बाहेरची वाट, कुठेही १२ मिमीच्या खाली जायचं नाही, हा एकच नियम ठेवला.

आर्गन वेल्डिंगला दोन गाळे सोडून पलीकडे गेलो. तिथे पहिलं टाकं मारताच बुडबुडे आले आणि शिवण काळी, भोकाभोकांची झाली. पाइपला लेथचं तेल तसंच होतं. वेल्डरने काम थांबवलं, तुकडा थिनरने पुसायला लावला आणि स्टीलच्या तारेच्या नव्या ब्रशने कडा घासायला लावल्या. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर हवेने धरलेला ऑक्साइडचा थर वितळायला २००० च्या वर तापमान लागतं. तो थर आणि तेलकटपणा काढल्याशिवाय धातू एकजीव होत नाही. दुसऱ्या वेळी शिवण चांदीच्या साखळीसारखी, एकावर एक खवले ठेवावेत तशी आली. मी ती थंड होईपर्यंत बघत उभा राहिलो.

येणारं निपल डब्याच्या कडेला, बुडापासून ८ सेंमीवर. त्याखाली तेल साचायला दोनशे मिली जागा. त्याच्या वर पिठाच्या जुन्या चाळणीतून कापलेली जाळीची चकती, ती आत तीन ठिकाणी ठोकून काढलेल्या उंचवट्यांवर टेकते. जाळीच्या वर स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी, भांडी घासायची असते तीच, पण नवी, आणि दाबून न भरता सैल. सगळ्यात वर झाकणाखाली आणखी एक बारीक जाळी. नळीतून आलेली हवा मोठ्या जागेत आली की मंदावते, जाड थेंब तिथेच खाली पडतात; उरलेलं धुकं घासणीच्या तारांना लागून थेंब धरतं आणि जाळीतून ठिबकतं. घासणी साध्या लोखंडाची नको, गंजते आणि तिचे बारीक तुकडे पडतात. माझ्या डब्याची बाहेरची वाट पुढे एअर फिल्टरच्या डब्यात जाते, तिकडे लोखंडाचा चुरा जाऊन चालणार नाही. वरची दुसरी जाळी त्याचसाठी.

बुडाला पाव इंची पितळी कॉक लावला, कॉम्प्रेसरच्या टाकीला असतो तसा.

आता रबराच्या चोचीबद्दल. जुन्या बुलेटच्या ब्रीदर नळीच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं चपटं रबर असतं. आतून दाब आला की तिचे ओठ उघडतात, पिस्टन वर जाऊन ओढ लागली की मिटतात. त्यामुळे हवा बाहेर जाते पण परत आत येत नाही, आणि क्रँककेसमध्ये दाब न राहता उलट हलकीशी ओढ राहते. तीच ओढ गास्केटमधून पाझरणारं तेल आत धरून ठेवते. आबांच्या गाडीवरची चोच ऊन आणि तेल खाऊन दगड झाली होती, कायमची उघडी. लक्ष्मीपुरीत नवी मिळाली. ती मी डब्याच्या आत, येणाऱ्या निपलच्या आतल्या टोकाला बसवली. इथे ती धुळीपासून सुरक्षित राहते, आणि इंजिनापासून डब्यापर्यंत नळीत जमणारं तेल उताराने इंजिनातच परत जातं, डब्यात येत नाही.

डबा बादलीत बुडवून सायकलच्या पंपाने हवा भरली. बुडाच्या शिवणीत एका जागी टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे निघाले. पुन्हा वेल्डरकडे. दुसऱ्यांदा एकही बुडबुडा नाही.

बसवताना आणखी एक चूक झाली. नळी सोयीने वळवून घेतली आणि बॅटरीच्या डब्याखाली तिला झोळीसारखा झोल पडला. आठवड्याभरात टॅपेट कव्हर पुन्हा ओलसर झालं. नळी काढली तर त्या झोलात अर्धा चमचा पांढरट लगदा बसला होता आणि हवेची निम्मी वाट बंद. नळी लहान कापली, इंजिनापासून डब्यापर्यंत सतत चढती ठेवली, मध्ये कुठेही पोट नाही. शिवाय नळी तेलाला टिकणाऱ्या काळ्या रबराची घेतली. पारदर्शक पीव्हीसी नळीत आतलं दिसतं म्हणून मोह होतो, पण गरम तेलाने ती आधी मऊ पडून चपटी होते आणि नंतर कडक होऊन तडकते. डबा सीटखाली फ्रेमच्या पाइपला दोन क्लॅम्पने, मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घालून धरला. या इंजिनाच्या हादऱ्यांत धातूवर धातू ठेवला तर महिन्याभरात घासून भोक पडेल.

सुरुवातीला डब्याची बाहेरची नळी खाली मोकळी सोडली होती. तेल पडत नव्हतं, पण सिग्नलला उभं राहिलं की तळकट वास यायचा. म्हणून ती एअर फिल्टरच्या डब्यात, फिल्टरच्या अलीकडे मळक्या बाजूला जोडली. उरलेली वाफ पेट्रोलबरोबर जळून जाते. नव्या गाड्यांमध्ये ही सोय कंपनीनेच केलेली असते. ती काढून वाफ उघड्यावर सोडणं प्रदूषणाच्या नियमात बसत नाही. हा खटाटोप जुन्या, उघड्या ब्रीदरच्या इंजिनांसाठीच करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सुरू झाला तो भाग, जो मला सगळ्यात जास्त आवडतो. दर ५०० किलोमीटरला कॉक उघडायचा, निघालेलं खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या टोपणाने मोजायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्यांदा ४५ मिली निघालं. आमच्या घरचा नियम होता की तेल मोजायच्या दांडीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरायचं. मामा म्हणाले, दोन खुणांच्या मध्ये ठेवून बघ, जास्तीचं ती थुंकून टाकते. पुढच्या वेळी १४ मिली. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं जे गळती म्हणून भरून काढत होतो, त्यातलं बरंचसं आम्हीच जास्त ओतलेलं होतं, आणि इंजिन ते प्रत्येक वेळी चेनवर टाकत होतं. तेल तपासायची वेळही तेव्हापासून बदलली. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेलाच्या टाकीतलं तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं आणि दांडी खोटं सांगते, तेल कमी दाखवते. ते बघून वरून भरलं की झालंच. आता फेरी मारून आल्यावर, पाच मिनिटं थांबून बघतो.

पावसाळ्यात वेगळंच दिसलं. त्या जुलैत कामाच्या गडबडीत महिनाभर गाडी फक्त गावात फिरली. रंकाळा, महाद्वार रोड, घर. तीन-चार किलोमीटरच्या वर फेरीच नाही. कॉक उघडला तर तेल नाही, ताकावरच्या लोण्यासारखं पिवळट पांढरं काहीतरी हळूहळू उतरलं. ३० मिली. ते लोणच्याच्या जुन्या बरणीत काढून खिडकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यात तीन थर झाले होते: तळाला धुरकट पाणी, मध्ये साय, वर काळसर तेल. पाण्याचाच थर सगळ्यात जाड. आई म्हणाली, "पावसाचं पाणी शिरलं असणार." मलाही आधी तसंच वाटलं. पण झाकणाची ओ-रिंग कोरडी होती. हे पाणी पेट्रोलचं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांशेजारून खाली उतरतं. इंजिन पुरेसं तापलं तर ते ब्रीदरने निघून जातं; तापायच्या आधीच बंद केलं तर आत थंड होऊन तेलात मिसळतं. डबा नसता तर हे मला दिसलंच नसतं. त्या रविवारी गाडी पन्हाळ्यापर्यंत नेऊन आणली, आणि तेव्हापासून पावसाळ्यात आठवड्याला एक लांब फेरी ठरलेली आहे.

काहीजण डब्यातलं तेल गाळून पुन्हा इंजिनात ओततात. मी कधीही ओतत नाही. त्यात पाणी आहे, जळक्या गॅसमधलं आम्ल आहे, थोडं पेट्रोल आहे. गटारातही टाकत नाही. गॅरेजमध्ये जुन्या तेलाचा पिंप असतो, त्यात जातं.

गेल्या वर्षी वहीतले आकडे बदलायला लागले. १४, मग २२, मग ३८. तेलाची पातळी तीच, चोच नवी घातली तरी तेच, आणि निघणाऱ्या तेलाला पेट्रोलचा वास. नळी काढून इंजिन मंद चालवलं तर तोंडातून धुराचे ठोके दिसत होते, अंगठ्याला आधीपेक्षा जोरात लागत होते. गाडी रस्त्यावर अजून छान चालत होती, सायलेन्सरमधून निळा धूरही येत नव्हता. आबांचं म्हणणं होतं की चालतंय तर उघडू नये. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून तीन वर्षांचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले आणि एवढंच म्हणाले, "उघड."

हेड उतरवलं, सिलिंडर काढला. वरची रिंग बोअरमध्ये सरळ बसवून मामांनी तिच्या तोंडात फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, घातला. या मापाच्या बोअरला ती फट साधारण ०.३ मिमी असावी. ०.९ ची पट्टी सहज आत गेली. बोअरही खाली अंडाकृती झालेला. बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून मोठा करून, पुढच्या मापाचा पिस्टन घातला. निळा धूर दिसेपर्यंत थांबलो असतो तर पिस्टनच्या स्कर्टने, म्हणजे खालच्या भागाने, सिलिंडर किती ओरबाडला असता, हे मामांनी जुन्या पिस्टनवरच्या उभ्या रेघा बोटाने दाखवत सांगितलं.

नवीन रिंगा बसेपर्यंत पहिल्या ५०० किलोमीटरला १८ मिली निघालं. नंतर ९. परवाच्या रविवारी ८.

कॉक आता आबाच उघडतात. स्टूल घेऊन बसतात, टोपण डोळ्यांसमोर धरतात, उजेडाला रंग बघतात, मग मला आकडा सांगतात. टॅपेट कव्हर कोरडं आहे, पोत्याचा तुकडा आईने यंदाच्या दिवाळीला बदलला नाही. गडहिंग्लजच्या मामेभावाच्या बुलेटची चेन अजून तशीच निथळते. उरलेला पाइप माळ्यावरून खाली काढून मोजला, १६ सेंमी भरला. या वेळी वेल्डरकडे न्यायच्या आधी थिनरने दोनदा पुसून ठेवलाय.